न आलेल्या पाहुण्याचे जेवण

आपली कंबर किती आहे हे पुरुषाने पँटच्या लेबलावरून ठरवावे, यासारखे सुख नाही. पोट पुढे येऊ लागले की पँट समजूतदारपणे खाली सरकते आणि पोटाला खालून वळसा घालून जाते. त्यामुळे चौतीसची पँट घालणारा गृहस्थ वर्षानुवर्षे चौतीसचाच राहतो आणि पट्ट्याच्या वर जो काही विस्तार झालेला असतो, त्याची नोंद कुठेही होत नाही. कार्यालयाच्या वार्षिक आरोग्य तपासणीत मात्र एका तरुण परिचारिकेने फीत थेट बेंबीजवळून फिरवली. मी श्वास आत ओढून धरला होता. तिने "काका, सोडा श्वास" असे म्हटले, मी तो सोडेपर्यंत सराईतपणे खिडकीबाहेर पाहिले आणि मग शांतपणे १०२ सेंटीमीटर असे लिहिले. भारतीय पुरुषासाठी ही मर्यादा ९० सेंटीमीटरची धरतात.

माझे हातपाय काडीसारखे आहेत, हा युक्तिवाद मी लगेच करून पाहिला. पण तो पुण्यात चालत नाही, कारण याबाबतचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघेही दिसायला सडपातळ, आणि उंची-वजनाचे जे गुणोत्तर बीएमआय म्हणून ओळखले जाते, ते दोघांचेही अगदी दशांशापर्यंत सारखे, म्हणजे २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. आपल्याकडचा बारीक दिसणारा माणूसही आतून गुपचूप संपन्न असतो, असा त्याचा अर्थ. आणि मी तर बाहेरूनही गुपचूप नव्हतो. इतरत्र बीएमआय २५ झाल्यावर जादा वजन मानतात, आपल्याकडे २३ लाच मानतात, हे ऐकून आपल्यावर अन्याय होतो आहे असे वाटते खरे. पण तो अन्याय आपल्याच चरबीने केलेला असल्यामुळे दाद कोणाकडे मागणार?

वजन कमी करायचे ठरवल्याची बातमी घरात फुटली की मार्गदर्शकांची वाण पडत नाही. महाराष्ट्रात या विषयावर दोन मोठी घराणी आहेत आणि आमच्या नात्यात दोन्हींचे निष्ठावंत आहेत. माझा मेहुणा डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीचा. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून पुढे आलेली ही पद्धत सांगायला सोपी आहे: कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवायचे, मधल्या वेळी तोंड बंद ठेवायचे, कारण दर खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन सुटते, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. माझी बहीण चाहती आहे ती आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांची. घरचे, आपल्या मातीतले, ऋतूप्रमाणे मिळणारे अन्न खावे, भात, तूप आणि केळे यांना घाबरू नये आणि ठरावीक अंतराने थोडे थोडे खात राहावे, हे ती मला केळे सोलत समजावून सांगते. राखीपौर्णिमेला हे दोघे एका पंगतीत आले, की "दाजी, इन्सुलिन!" असे एका बाजूने आणि "दादा, तू उपाशी राहून अ‍ॅसिडिटी करून घेणार आहेस" असे दुसऱ्या बाजूने ऐकत मी नारळीभात संपवतो. नारळीभाताबद्दल दोघांचेही मतभेद नसतात.

खरे सांगायचे तर भांडण्यासारखे त्यात फारसे काही नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सहाशे नऊ माणसांवर एक वर्षभर प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या लोकांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, अर्ध्यांनी पिष्टमय पदार्थ. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी घटले होते, म्हणजे फरक नगण्य. मात्र प्रत्येक गटात कोणी खूप उतरले होते, तर कोणी उलट वाढले होते. तेव्हा पद्धत कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. ती पद्धत कोणाच्या घरात, कोणाच्या स्वयंपाकघरात आणि कोणाच्या सासूच्या देखरेखीखाली राबवली जाते, हा मूळ प्रश्न आहे. स्टॅनफर्डवाल्यांनी सासू हा घटक विचारात घेतल्याचे दिसत नाही.

मी दोन्ही घराण्यांची गायकी प्रामाणिकपणे शिकलो, आणि दोन्हींमध्ये सुरुवातीला वजन झपाट्याने उतरले. पहिल्या आठवड्यातले हे यश बरेचसे पाण्याचे असते, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर शरीर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बाळगून असते, आणि साठा संपला की ते पाणीही निघून जाते. पण हे आपल्याला नंतर कळते. त्या आठवड्यात आपण मित्रांना सल्ले देऊन मोकळे झालेलो असतो. मग काटा थबकतो. मग तो आपण काहीही केले नसताना, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा काहीही जास्त खाल्ले नसताना, परत वर चढू लागतो. व्यायामाची जोड द्यावी म्हणून मी रविवारी सिंहगड चढू लागलो. सिंहगडाची अडचण गड चढून झाल्यावर सुरू होते: वर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही घेऊन लोक वाटेतच बसलेले असतात, आणि तिथून काही न खाता उतरणे हा त्या गडाच्या इतिहासाचा अपमान आहे, असे बरोबरच्या मंडळींचे ठाम मत असते.

वजन वाढते कुठे, याचा शोध मला ना तज्ज्ञांनी लावून दिला ना काट्याने; तो रात्री साडेनऊ वाजता स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ लागला. जेवणे झालेली असतात. पत्नी ओटा आवरत असते. आमटीच्या पातेल्यात तळाशी दोन डाव आमटी असते, कुकरच्या भांड्यात कडेला चिकटलेला, नीट खरवडला तर एक मूद होईल इतका भात असतो, भाजी चार घास आणि पोळीच्या डब्यात कापडाखाली घडी घातलेली एक पोळी. आणि मग ते वाक्य येते, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरकर्त्याने ऐकलेले आहे: "अहो, एवढंसंच उरलंय, संपवून टाका ना. एवढ्यासाठी कुठे डबा अडवू?"

या वाक्याला उत्तर नाही. अन्न टाकायचे नाही, हे संस्कार आहेत. फ्रिजमध्ये जागा नाही, हे वास्तव आहे. आणि ते अन्न मी उभ्या उभ्या, पातेल्यातच आमटीत भात कालवून खातो, त्यामुळे ते जेवणात धरले जात नाही. ती भांडी घासायला सोपी जावीत म्हणून केलेली मदत असते. पण पोळी मदत म्हणून खाल्ली तरी ती शंभरेक कॅलरींचीच राहते, आणि डावभर भात धरला तर ही मदत दीडशेच्या घरात जाते. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, या हिशेबाने रोजची ही मदत कागदावर वर्षाला सात किलोंची होते. शरीर इतके सरळ व्याज लावत नाही, वजन वाढले की त्याचा रोजचा खर्चही वाढतो आणि वाढ मंदावते. तरीही माझी बेंबीजवळची प्रगती समजण्यापुरता हा हिशेब पुरेसा आहे. आता दोन्ही घराणी माझ्याकडे का हरली, तेही उघड झाले. दोन जेवणांच्या पद्धतीत पंचावन्न मिनिटांची मुदत असते, आणि पंचावन्न मिनिटे ही आमच्या घरातली सगळी पातेली कायदेशीर मार्गाने रिकामी करायला पुरून उरतात. थोडे थोडे खाण्याच्या पद्धतीत तर उरलेले अन्न हेच ते 'थोडे थोडे' होऊन बसते. पद्धती बदलत होत्या, पातेले तेच होते.

मग उरते का, असा प्रश्न मी आईला विचारला, आणि त्या रात्री मला आमच्या घराची खरी राज्यघटना समजली. "मोजून पोळ्या करायच्या नसतात," आई म्हणाली. "ऐनवेळी कुणी आलं तर?"

ऐनवेळी येणारा हा पाहुणा आमच्या घरी माझ्या लहानपणापासून अपेक्षित आहे. त्याच्यासाठी रोज दोन पोळ्या जास्त लाटल्या जातात, अर्धी वाटी तांदूळ जास्त धुतला जातो, आमटीत एक तांब्या पाणी वाढते आणि त्या पाण्याला चव यावी म्हणून फोडणीही वाढते. एके काळी तो येतही असे. वडिलांच्या गावाकडची माणसे दवाखान्याच्या, कोर्टाच्या, मुलाच्या कॉलेजप्रवेशाच्या कामासाठी सांगितल्याशिवाय उभी राहत आणि त्यांना गरम जेवण मिळे, याचा आईला रास्त अभिमान आहे. आता लोक आठवडाभर आधी मेसेज पाठवतात, येण्याच्या दिवशी "निघालो" म्हणून कळवतात, सोसायटीच्या फाटकातून रखवालदार फोन करतो आणि इतके करून ते म्हणतात, "आम्ही खाऊन आलोय." पाहुणा गेला, त्याचा शिधा तेवढा रोज शिजत राहिला. आणि तो न आलेला पाहुणा रोज रात्री साडेनऊला माझ्या तोंडाने जेवत होता.

यावर उपाय काढायला तज्ज्ञांची गरज नव्हती, मुत्सद्देगिरीची होती. "स्वयंपाक कमी करा" हे वाक्य आमच्या घरात उच्चारता येत नाही. त्यातून दारिद्र्य सूचित होते. उरलेले सकाळसाठी ठेवावे तर पोळीची फोडणीची पोळी होते, म्हणजे जी पोळी रात्री कोरडी खाल्ली असती, तीच सकाळी दोन चमचे तेल पिऊन आणि शेंगदाणे घेऊन परत येते. अखेर तोडगा पत्नीनेच काढला. कणीक पूर्वीइतकीच भिजवायची, पण पाहुण्याच्या वाट्याच्या पोळ्या लाटायच्या नाहीत. तो गोळा तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात ठेवायचा. आला पाहुणा, तर त्याला तव्यावरची पोळी मिळेल; नाही आला, तर सकाळी मुलांच्या डब्याच्या कणकेत तो गोळा मिसळून जाईल. "आई, गार पोळी वाढण्यापेक्षा बरं नाही का?" असे तिने विचारले, आणि या मुद्द्यावर आईला हरकत घेता येईना, कारण गार पोळीच्या विरोधात तिने स्वतःच हयात घालवली आहे. भातासाठी एक वाटी नेमली गेली. भांडी घासायला मदत म्हणून मला ती खरोखरच घासण्याची मुभा मिळाली.

याला कोणी पद्धत म्हणणार नाही आणि यावर कोणी व्याख्यान देणार नाही. वजन मुंगीच्या पावलांनी उतरू लागले, इतक्या हळू की घरात कोणाला पत्ता लागला नाही, आणि ते टिकले याचे श्रेय मी या पत्ता न लागण्याला देतो. पूर्वी माझ्या प्रत्येक डाएटचा घरात गाजावाजा होई, वेगळा स्वयंपाक होई, म्हणून तो मोडण्यासाठीही सगळे घर हातभार लावत असे. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवलेली आहे, तीत निदान साडेतेरा किलो वजन कमी करून ते वर्षभर तरी टिकवलेल्या हजारो लोकांच्या सवयी टिपल्या जातात. या मंडळींनी वजन हरतऱ्हेच्या मार्गांनी उतरवले. टिकवताना मात्र बहुतेक जण कंटाळवाण्या गोष्टी करताना आढळतात: रोज बराच वेळ हालचाल, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहणे आणि सुट्टीच्या दिवशीही एरवीसारखेच खाणे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला जमल्या आहेत. तिसरी गोष्ट गणपतीपासून दिवाळीपर्यंत मी स्थगित ठेवतो, कारण मोदक मोजून खाणाऱ्या माणसाकडे आमच्याकडे आजारी म्हणून पाहतात. तेवढ्या काळात चढलेला दीडेक किलो संक्रांतीपर्यंत परत जातो, आणि मग तिळगूळ येतोच.

कंबर आता ९३ वर आली आहे. पँटचे लेबल अजूनही चौतीसच म्हणते, फक्त ते आता पुष्कळसे खरे बोलते.

परवा मिरजेचे मामा आले. फोन नाही, मेसेज नाही, कोर्टाचे काम लांबले आणि मोबाइलची बॅटरी संपली म्हणून रात्री पावणेनऊला थेट दारात. आमची जेवणे नुकतीच झाली होती. आईच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला, तो अनेक वर्षे फेटाळलेला अर्ज अचानक मंजूर झाल्यासारखा होता. "म्हटलं नव्हतं?" एवढेच ती आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली आणि फ्रिजमधला कणकेचा डबा स्वतः काढून आणला. पाहुण्याला एकट्याला ताटावर बसवायचे नसते, म्हणून माझेही ताट घेतले गेले. मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"काय रे, वाळलास? शुगर तपासून घेतलीस का?"

"वजन कमी करतोय तो," आई पोळीवर तूप सोडत म्हणाली.

"झालंय की कमी. मग आता जेव."

पोळ्या फुगून येत राहिल्या. मामा तिसऱ्या पोळीला थांबले आणि हात धुवायला उठता उठता त्यांनी डब्यात डोकावून पाहिले. "ही एकच राहिली बघ. एवढ्यासाठी कशाला ठेवता, संपवून टाक." मी पत्नीकडे पाहिले. ती डब्याचे झाकण हातात धरून उभी होती. पण मामांसमोर ते लावण्याची हिंमत तिलाही झाली नाही, आणि तोवर आईने त्या पोळीवर गुळाचा खडा ठेवलासुद्धा होता.