‘डेड बोर्ड दिला’ या अभिप्रायावर दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. त्यात तीन तक्रारी आहेत: आम्ही डेड मदरबोर्ड दिला, मागूनही तो लगेच बदलून दिला नाही, आणि चिंचवडहून अख्खं कॅबिनेट उचलून आणायला लावून वर तपासणीचे ५०० रुपये घेतले. मशीन आता चालू होऊन तुमच्या घरी गेलं आहे, पण अभिप्राय तसाच आहे आणि तो वाचून लोक काउंटरवर बोर्डाबद्दल विचारतात. म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

बोर्ड डेड नव्हता. आज तुमच्या कॅबिनेटमध्ये चालतोय तो हाच बोर्ड.

पंखे फिरतायत, दिवे लागतायत आणि डिस्प्ले येत नाही, असं झालं की हौसेने मशीन जोडणाऱ्याचा जीव किती खालीवर होतो ते मला माहीत आहे. तुमचा संताप मी समजू शकतो. पण एएम५ बोर्डाबाबत (एएम५ म्हणजे एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं सॉकेट, प्रोसेसर बसवायची जागा) तेवढ्यावरून ‘बोर्ड गेला’ म्हणता येत नाही. तुमच्या बोर्डाच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज असलेली डिस्क) असे चार बारीक दिवे आहेत. सुरू होताना बोर्ड एकेक भाग तपासत जातो आणि जिथे अडतो तिथला दिवा लागून राहतो. तुमच्याकडे डीरॅमचा दिवा अडकला होता, मधूनच सीपीयूचाही. म्हणून आमच्या मुलाने फोनवर सांगितलं, की एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा आणि १५ मिनिटं हात लावू नका. तुम्हाला ती टाळाटाळ वाटली. डीडीआर५ रॅम नव्या बोर्डावर पहिल्यांदा लागते तेव्हा बोर्ड तिचं टायमिंग जुळवत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तोवर पडदा काळाच राहतो. यात काही मिनिटं सहज जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. घाबरून मध्येच बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही थांबलात, तरी काही झालं नाही. मग मात्र मशीन समोर असल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून आणायला सांगितलं.

इथे बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच खोक्यावर ठेवला, म्हणजे खाली कुठे जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा छोटा खुंट) टेकून शॉर्ट होत असेल तर ती शंका मिटते. ग्राफिक्स कार्ड काढलं, कारण तुमच्या रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि बोर्डाच्या एचडीएमआयवर डिस्प्ले यायला हवा. एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) २४ पिनची आणि सीपीयूची ८ पिनची वायर तुम्ही बरोबर लावली होती. दुसरी रॅम लावून पाहिली, तेच. मग आमच्याकडचा रायझन ५ ७६०० हा आधीच्या पिढीचा प्रोसेसर त्या बोर्डात बसवला आणि थोड्या वेळात डिस्प्ले आला. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलंच सॉफ्टवेअर, उघडून पाहिलं तर ते २०२३ चं होतं.

तुमचा रायझन ५ ९६००एक्स बाजारात आला ऑगस्ट २०२४ मध्ये. तुमच्या बी६५० बोर्डावर तो बसतो आणि चालतोही, पण बायोस त्याला ओळखणारं हवं. ते अपडेट केलं आणि मशीन चालू झालं. बिल करताना तुम्ही ७६०० घेणार असं सांगितलं होतं, त्या हिशेबाने बोर्ड जसाच्या तसा चालला असता. नंतर ऑनलाइन सेलमध्ये ९६००एक्स चांगल्या भावात मिळाला, तो घेतलात. प्रोसेसर चांगलाच निवडलात. फक्त तो बदलल्याचं एका फोनवर कळवलं असतं, तर इथेच बायोस अपडेट करून दिलं असतं.

आता बदलून देण्याबद्दल. त्याच लॉटमधला दुसरा बोर्ड दिला असता तर त्यातही तेच जुनं बायोस होतं. तुम्ही पुन्हा सगळं जोडून पुन्हा काळा पडदाच पाहिला असता. शिवाय एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, एकूण १७१८. त्यातली एक जरी वाकली तरी वॉरंटी नाकारली जाऊ शकते. डिस्प्ले येत नाही म्हणून तुम्ही प्रोसेसर परत परत काढून बसवलात हे ऐकल्यावर मला खरी काळजी त्याची होती, म्हणून सगळ्यात आधी सॉकेट भिंगाखाली पाहिलं. सुदैवाने सगळ्या पिना सरळ होत्या.

५०० रुपयांचा नियम बिलावर छापलेला आहे: दोष आम्ही विकलेल्या वस्तूत निघाला तर तपासणी फुकट, नाहीतर ५००. सुटं सामान नेऊन घरी जोडणाऱ्या सगळ्यांना हाच दर आहे. यात कारागिराची अर्धी दुपार जाते आणि त्याच्या कामाचं मोल मला महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे हे पैसे परत करणार नाही. बायोस अपडेटचे वेगळे पैसे लावले नाहीत.

स्टार किती द्यायचे ते तुमच्या मनावर. ‘डेड बोर्ड विकतात’ हे वाक्य मात्र खरं नाही, ते काढावं अशी मनापासून विनंती आहे.

तुमच्या मशीनबद्दल दोन गोष्टी. रॅम ६००० च्या वेगाची असली तरी सध्या ४८०० वर चालते आहे. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) सुरू करा. त्यानंतर रीस्टार्ट होताना पुन्हा ट्रेनिंग होईल आणि पडदा काही वेळ काळा राहील, तेव्हा बंद करू नका. आणि पुढे कधी घरी बायोस अपडेट करायचं झालं तर फाइल बोर्ड कंपनीच्या साइटवरूनच घ्या, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच ठेवा आणि मशीन यूपीएसवर लावा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड अडकू शकतो. तसं झालंच तर बोर्डाच्या मागच्या फ्लॅशबॅक बटणाने (ते पेनड्राइव्हवरून बायोस पुन्हा भरतं) बहुतेक वेळा तो परत येतो. ते कसं करायचं ते फोनवर सांगेन, किंवा कॅबिनेट घेऊन या.