बेळगावचं बेळगावी, आणि अनडूचं फुगणं

१ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. त्याच दिवशी कर्नाटकातली आणखी अकरा शहरं नव्या नावानं उठली. रोमन लिपीत सात अक्षरांचं आमचं गाव आठ अक्षरांचं झालं, एवढाच काय तो फरक. म्हणून सभासदांच्या पत्त्यात नाव बदलायची वेळ आली की पतसंस्थेचा मॅनेजर बिनधास्त सांगतो, "एक अपडेट मारा की ओ, काय त्यात?"

त्यात काय ते आता सांगतो. समजा डेटाबेस ओरॅकलचा आहे आणि पत्त्यांच्या टेबलात वीस लाख ओळी आहेत. अपडेट सुरू झाला की प्रत्येक ओळीतलं जुनं नाव आधी अनडू टेबलस्पेसमध्ये, म्हणजे जुना मजकूर जपायच्या खास जागेत, लिहून ठेवलं जातं. न जाणो, साहेबांचा विचार बदलला तर! शहराच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, असेल तर जुनी नोंद काढायची, नवी घालायची, आणि दोन्हींचा अनडू निराळा. या कारभारात इन्सर्ट, म्हणजे नवी ओळ घालणं, सगळ्यात स्वस्त, कारण त्याला ओळीचा रोआयडी, म्हणजे ती कुठे आहे तो ठिकाणा, टिपला की भागतं. डिलीट सगळ्यात महाग. जिला हाकलायचं ती अख्खी ओळच आधी जपून ठेवावी लागते.

अर्ध्या वाटेवर दोन गोष्टी घडू शकतात. एक, ओरा-३००३६, म्हणजे अनडूत जागा संपली. दुसरी, मॅनेजरचा धीर संपला. दुसरी जास्त घातक. "किती येळ चाललंय! मारा तो सेशन," असा हुकूम येतो. सेशन, म्हणजे अपडेट चालवणारी जोडणी, मारलाही जातो. पण मेलेला सेशन यादीत 'किल्ड' अशी पाटी लावून बसून राहतो, कारण केलेलं सगळं आता उलट्या क्रमानं निस्तरायचं असतं. एकेक नोंद उचलायची, तिचा ब्लॉक, म्हणजे डेटाचा कप्पा, शोधायचा, जुनं नाव परत लिहायचं. वर त्याचा रिडू लॉगही, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, भरत जातो. पुढे जायला तासभर लागला असेल तर मागे यायला सहज त्याहून जास्त लागतो.

मग कुणीतरी शहाणा सर्व्हरच बंद करून परत चालू करतो. करंट गेला तरी तेच. डेटाबेस उठला की एसमॉन नावाची प्रोसेस राहिलेला रोलबॅक, म्हणजे हेच निस्तरणं, जिथल्या तिथून पुढे चालू करते. काम चुकत नाही, फक्त तोपर्यंत काउंटरवर रांग लागलेली असते. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून असलेल्या आम्हा सीमाभागातल्या लोकांना प्रलंबित म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, पण मॅनेजर नेमका ऐन वेळी ते विसरतो.

खरं तर तेव्हा एकच करायचं. व्ही-डॉलर-ट्रान्झॅक्शन या चालू व्यवहारांच्या यादीत त्या सेशनचा युज्ड-यूबीएलके, म्हणजे त्यानं अडवलेल्या अनडू ब्लॉकांचा आकडा, बघायचा. आता ४,८०,००० ब्लॉक, मिनिटानं ४,७४,०००. मिनिटाला सहा हजार उतरतात, म्हणजे अजून ७९ मिनिटं. आकडा उतरतोय तोवर कीबोर्डपासून हात लांब ठेवावेत. मॅनेजरलाही तोच आकडा सांगावा. "होईल आता" म्हटलं की तो दर पाच मिनिटांनी येऊन उभा राहतो.

मोठ्या अपडेटपेक्षा मला भीती वाटते ती लहानाची. कुणीतरी एक ओळ बदलतो, कमिट करत नाही, म्हणजे बदल पक्का करत नाही, आणि जेवायला जातो. अनडू सेगमेंटमधले एक्स्टेंट, म्हणजे जागेचे तुकडे, गोल फिरून परत वापरले जातात, पण पुढच्या एक्स्टेंटमध्ये न मिटलेला व्यवहार असेल तर त्याला ओलांडून जाता येत नाही. खानापूरच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून माणूस उतरून चहाला जावा, तसलंच हे. रुमाल चिमूटभर, पण सीट अडली. मग सेगमेंट नवे एक्स्टेंट घेत सुटतो आणि डेटाफाइल वाढत राहते.

दुसरा बळी रिपोर्टवाला. दोन तासांच्या रिपोर्टला सुरुवातीच्या क्षणाचा डेटा हवा असतो, आणि तो अनडूतूनच मिळतो. अनडू-रिटेन्शन, म्हणजे जुना अनडू जपायची मुदत, मुळात ९०० सेकंदांचं. जागा कमी पडली की कमिट झालेल्यांचा जुना अनडू पुसला जातो आणि रिपोर्ट ओरा-०१५५५ म्हणत आडवा होतो. रिटेन्शन गॅरंटी, म्हणजे मुदतीआधी पुसायचं नाही अशी सक्ती, लावली तर रिपोर्ट वाचतो, पण जागेअभावी अपडेटवाला मरतो. रडायचं कुणी, एवढंच तुमच्या हातात.

त्यापेक्षा अनडूला किती जागा लागेल याचा हिशेब करावा. व्ही-डॉलर-अनडूस्टॅट अनडूचा दहा-दहा मिनिटांचा खर्च दाखवतो. गर्दीच्या वेळी १,२०,००० ब्लॉक गेले तर सेकंदाला २००. ब्लॉक ८ केबीचा धरला तर सेकंदाला १,६०० केबी. सगळ्यात लांब क्वेरी ७,२०० सेकंदांची असेल तर साधारण ११ जीबी. वर थोडा हात सैल सोडून १३ द्यावेत.

आणि नाव बदलायचं ते प्रायमरी कीच्या, म्हणजे ओळीच्या ओळखक्रमांकाच्या, पट्ट्यांनी, दहा हजार ओळींना एक कमिट. मधे तुटलं तर उरलेल्या ओळी जुन्या नावावरून सापडतात. व्याज जमा करताना मात्र ही युक्ती आंधळेपणानं चालवू नये. कुठवर जमा झालं याची खूण त्याच कमिटमध्ये ठेवली नाही तर काहींना दोनदा व्याज मिळतं, आणि असे सभासद तक्रार घेऊन येत नाहीत.

एवढं करूनही फाइल फुगलीच असेल तर ती सहसा आपणहून आकसत नाही. दुसरं अनडू टेबलस्पेस करायचं, डेटाबेसला तिकडे वळवायचं, जुन्यातले व्यवहार मिटले आणि रिटेन्शनची मुदत उलटली की मगच ते ड्रॉप करायचं. घाई केली तर ओरा-३००१३ येतो, अजून वापरात आहे म्हणून. तेव्हा जेवायला गेलेला कोण ते शोधायला निघावं.