नवशीचं कुरूप

बदक म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडी 'कुरूप' हा शब्द आपोआप येतो. माझ्याही आला, पण पायाच्या अर्थानं. सकाळी दार उघडलं तर नवशी डावा पाय पोटाशी घेऊन उभी. "हिला कुरूप झालंय बहुतेक," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा बरी दिसते," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

हौशी आणि नवशी ही आमची दोन पांढरी बदकं. मुलीनं हट्टानं पिल्लं आणली, पुढं ती शिकायला पुण्याला गेली आणि घरातला तिसरा गवशा म्हणून मी उरलो. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. आजूबाजूला विणकरांच्या मागांचा खडखडाट, त्यामुळं आवाजाची सवय आहे, असं मला वाटायचं. बदकाचा नर घोगरा खाकरतो आणि मादी मागाच्या वर आवाज काढते, हे पिल्लं विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

आता गुन्ह्याची कबुली. बेळगावच्या पावसात बदकांचं अंगण म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बदकं आहेत त्यालाच कळेल. त्याला चिखल म्हणणं हा चिखलाचा अपमान आहे. वैतागून गेल्या उन्हाळ्यात मी सगळीकडे सिमेंटचा कोबा घालून घेतला. कुणी घसरू नये म्हणून गवंड्याला मुद्दाम खरबरीत ठेवायला सांगितला. मी घसरलो नाही. नवशीचे तळवे मात्र रोज किसणीवर चालत होते.

तिला उलटी करून तळवा पाहिला. नारिंगी, ओलसर, बारीक खवल्यांचा पाय, आणि मधोमध उडदाएवढी काळी खपली. भोवतीची कातडी सुजून चकाकत होती, हाताला गरम लागत होती. एवढ्यात कुंपणापलीकडून आज्जी आल्याच. "काय करूलालास रे त्या बदकाला?" सांगितलं. त्यांनी बिब्बा सुचवला. वैनींनी हळद-तेल सुचवलं. समोरच्या अण्णांनी रस्सा सुचवला.

शेवटी पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. कंपाउंडरनं विचारलं, "काल एनागैत्री?" मी म्हटलं, "काल नाही, परवापासून लंगडतेय." त्यानं माझ्याकडे पाहिलं, बदकाकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न बदकाला विचारला. कानडीत 'कालु' म्हणजे पाय आणि 'एनागैत्री' म्हणजे काय झालंय, हे मला ठाऊक नाही असं नाही. पन्नास वर्षं इथं काढली. पण काखेत बदक फडफडत असताना दोन भाषा सांभाळणं जमत नाही. कागदावर त्यानं लिहिलं 'बातुकोळी', म्हणजे बदक. मराठीत कोळी मासे धरतो, कानडीत कोळी अंडी घालते.

डॉक्टर मात्र दोन्ही भाषांत सारखेच रागावणारे. आधी वजन केलं: साडेचार किलो. "काय घालता हिला?" आमच्या गल्लीतला प्रत्येक जण येता-जाता मूठभर चुरमुरे टाकतो, हे मी सांगितलं नाही; चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. म्हणाले, याला बम्बलफूट म्हणतात. जड बदक, खरबरीत जमीन, तळव्याला बारीकशी चीर, तिच्यातून जंतू आत जातात आणि गाठ धरते. पक्ष्याचा पू पातळ होऊन वाहत नाही, आत घट्ट गोळा बनून बसतो. ते उपमा शोधत क्षणभर थांबले आणि म्हणाले, "खरवसासारखा." आमच्या बेळगावच्या गोड कुंद्याचं नाव घेतलं नाही, एवढे उपकार. सुजेनं आणखी जोर केला असता तर चिरून काढावा लागला असता. आमचं औषधांवर निभावलं. "घरी दाबायचं नाही, कोरायचं नाही, आणि औषध चालू असेपर्यंत अंडी खायची नाहीत." शिवाय बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा जास्त लागतं, नुसत्या चुरमुऱ्यांवर ते भागत नाही, मटार घाला म्हणाले. मटाराचा भाव त्यांना माहीत नसावा.

मग सुरू झाला पाच वाजताचा कार्यक्रम. टबात कोमट पाणी, त्यात एप्सम मीठ, त्यात नवशी, पंधरा मिनिटं. बदकाला पायाला धरून उचलायचं नाही, पाय नाजूक असतात. पंख अंगाशी दाबून दोन्ही हातांनी धरायचं. हे मी शिकलो. पण टबात बसवलेलं बदक टबातलं पाणी पितं, हे शिकायला एक दिवस लागला. एप्सम मीठ म्हणजे जुलाबाचं औषध. त्या संध्याकाळचं वर्णन करत नाही. माझी लुंगी टाकून दिली, एवढं पुरे. दुसऱ्या दिवसापासून शेजारी प्यायच्या पाण्याची बादली ठेवली आणि तिची मान तिकडं वळवून धरायला बायकोला बसवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, इतका वेळ आम्ही समोरासमोर कधी बसलो नव्हतो.

त्यानंतर पाय पुसायचा, पोविडोन आयोडीन लावायचं, कापसाची गादी ठेवायची आणि बोटांच्या मधून पट्टी फिरवायची. बदकाची पुढची तीन बोटं पडद्यानं जोडलेली, मागं एक सुटं. त्यावर पट्टी बांधणं म्हणजे उघड्या छत्रीला फेटा बांधणं. बांधून होतो न होतो तोच ती हौशीच्या पाण्याच्या घमेल्यात पाय देऊन उभी.

कोब्याचा अर्धा भाग मी स्वतः फोडला. गवंडी बघायला आला होता, हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तिथं पुन्हा माती आणि वाळू टाकली. रात्रीच्या खुराड्यात भाताचं पिंजर घातलं. ते ओलं राहिलं तर बुरशी धरते, म्हणून रोज हात घालून बघायचं. उरलेल्या कोब्यावर रबरी चटया आल्या. चुरमुऱ्यांवर बंदी आल्यापासून गल्लीनं माझ्याशी बोलणं कमी केलंय.

तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली, खपली आपोआप निघाली, खाली गुलाबी कातडी. डॉक्टर म्हणाले, आता टब बंद केला तरी चालेल, फक्त आठवड्याला तळवे बघत जा.

हे नवशीला कोण सांगणार? पाच वाजले की ती टबाशी येऊन उभी राहते. मागं हौशी, जिच्या पायाला आयुष्यात काही झालेलं नाही. पाच मिनिटं उशीर झाला की दोघी मिळून मागाच्या वर आवाज काढतात, आणि आज्जी कुंपणावरून ओरडतात, "अरे, पाणी तापीव की!"