त्या ट्रॅकवर रोज कोण पळतंय?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

आज पहाटे आमच्या इथल्या क्रीडा संकुलाच्या गेटला कुलूप. पोलीस भरतीची तयारी करणारी पन्नासेक पोरं-पोरी अंधारात गेटबाहेर उभी, आणि आत मंडप टाकायचं काम चालू. कार्यक्रम कुणाचा ते लिहीत नाही, गावातल्यांना माहीत आहे. मैदानाच्या वळणावर आतल्या कडेला पोरींनी दगडं वेचून, खराट्यानं झाडून एक पट्टा पळण्याजोगा केला होता, मंडपवाल्यानं बरोबर त्याच पट्ट्यात पहारीनं खड्डे पाडून खांब रोवलेत. वॉचमनला विचारलं तर म्हणतो, सर मला कशाला बोलता, वरून फोन आलाय, कार्यक्रम होईस्तोवर मैदान बंद. त्याचं काही चुकलं नाही, त्याला पगार कोण देतंय ते त्याला कळतं.

मग पोरी गेल्या हायवेवर. आत्ता कारखाने चालू आहेत, उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावायलेत, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ना लाईट ना रिफ्लेक्टर, टेप फुल्ल आवाजात. त्या ट्रॉल्यांच्या कडेनं साईडपट्टीवरून आमच्या पोरी पळायलेत. माझी भाची घरी आली ती नडगी धरूनच बसली. डांबरी रस्त्यावर पळून पळून पोरींच्या नडग्या अशाच ठणकतात, बर्फ लावायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. भरतीत मुलींना ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, ८०० मीटर असतं आणि ग्राउंडच्या ५० मार्कांपैकी २० एकट्या त्याचे. वीस मार्क! इथं एका मार्कावर पोरगी लिस्टच्या बाहेर जाती.

आणि अशा डोक्यानं मोबाईल उघडला तर समोर पुन्हा तीच बातमी. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडणार, तिथल्या १०२ एकरात स्पोर्ट्स सिटी करणार, त्यासाठी कतार आणि ऑस्ट्रेलियातले नमुने बघायलेत. खाली कमेंटांत नुसता जल्लोष. मला मात्र जल्लोष करावासा वाटंना, त्याचं कारण सांगतो.

२०१८ ला पहिली खेलो इंडिया शालेय स्पर्धा दिल्लीत झाली, ॲथलेटिक्स याच नेहरू स्टेडियमवर. माझी भाची ८०० मीटरला महाराष्ट्राच्या टीममध्ये होती. ताई आणि दाजी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, त्यामुळं ती लहानपणापासून माझ्याकडंच शाळेला. टीम सरांबरोबर गेली, मी मागून परभणीहून सचखंड एक्स्प्रेसनं गेलो. जानेवारी संपायला आलेला, दिल्लीची थंडी अशी की हात खिशातून काढू वाटंना. मी वर स्टँडमध्ये बसलेलो. आदल्या दिवशी सगळ्या पोरांना मैदान बघायला आत सोडलं, तर आमची पोरगी ट्रॅकच्या कडेला थांबली, चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मग आत पाय टाकला. तिला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. खाली बसली आणि मळलेल्या कणकेवर दाबावं तसं अंगठ्यानं ट्रॅक दाबून बघितला. वर येऊन मला म्हणली, "मामा, पाय आपोआप वर येतोय."

मुरमाच्या रस्त्यावर आणि गायरानात पळून ती तिथवर गेली होती. स्पाइक्स, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, मैत्रिणीचे मागून आणलेले, पुढं कापूस घातलेला. हीटमध्येच, म्हणजे पहिल्या फेरीतच, बाहेर गेली, त्याचं मला काहीच वाटलं नाही, तिलाही नाही. पण निघताना एवढ्या मोठ्या रिकाम्या स्टँडकडं बघून तिनं विचारलं, "मामा, इथं रोज कोण पळतंय?"

मी म्हणलं असतील दिल्लीची पोरं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आज तर अजिबातच नाही.

कारण बघा. हे स्टेडियम बांधलं कशासाठी, तर १९८२ च्या एशियाडसाठी. साठ हजार माणूस बसतंय. त्याच ट्रॅकवर अठरा वर्षांच्या पी. टी. उषानं १०० आणि २०० मीटरला सिल्व्हर घेतली, वलसम्मानं ४०० मीटर हर्डल्सचं गोल्ड, चार्ल्स बोरोमिओनं ८०० चं गोल्ड. एवढ्यासाठीच ते मैदान मला प्यारं आहे. पण पाहुणे गेल्यावर? १९८४ ला तिथं भारत-ऑस्ट्रेलिया वनडे, १९९१ ला दक्षिण आफ्रिकेबरोबरची वनडे, मग फुटबॉल, मग गाण्याचे कार्यक्रम. मग २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा आली की परत आठवण झाली, बाबो पाहुणे येणार, रंगरंगोटी करा. साधी रंगरंगोटी नाही, ९६१ कोटी खर्च झाल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. वर ते पांढरं कापडी छप्पर, चारी बाजूंनी. दिसायला सुंदर आहे, मी डोळ्यांनी बघितलंय, नाही म्हणणार नाही. पण स्पर्धेला दोन आठवडेसुद्धा राहिले नव्हते आणि २१ सप्टेंबरला स्टेडियमजवळचा नवाकोरा पादचारी पूल कोसळला. वीसच्या वर मजूर जखमी. दुसऱ्याच दिवशी वेटलिफ्टिंगच्या हॉलमधलं छत पडलं. जगभर आपली शोभा झाली म्हणून लोक ओरडले, त्या मजुरांचं पुढं काय झालं हे विचारणारे किती होते?

मजुरांवरून आठवलं आणि आता राग जास्तच यायलाय, माफ करा. एशियाडच्या बांधकामांवर कायद्यानं रोज ९ रुपये २५ पैसे मजुरी होती. हातात किती पडायचे? ८ रुपये २५ पैसे. मधला एक रुपया मजूर आणणारा जमादार कापून घ्यायचा. चौदा वर्षांखालची लेकरंही कामाला लावलेली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८२ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे स्पर्धा दोन महिन्यांवर असताना, न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगारीच, घटनेच्या २३ व्या कलमाचा भंग. वकिलीला आजही हे प्रकरण शिकवतात. मी दाजींना हे वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणले, "मुकादम काय दिल्लीत नसतोय व्हय." बस. एवढंच. ऊसतोडीला मजूर नेणारा तो मुकादम. आमच्या बीडच्या केज, धारूर, वडवणीकडच्या माणसाला जमादाराचा रुपया वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेला बाप, उसाच्या फडात राबणारी आई आणि त्यांची पोरगी छत्तीस वर्षांनी त्या मैदानात गेली तर चपला काढून जाती. आणि इथं आमच्या मैदानात बूट घालून, पहार घेऊन येतात.

असो.

२०१० मध्ये काहीच चांगलं झालं नाही असं मी म्हणत नाही. कृष्णा पुनियाचं थाळीफेकीतलं गोल्ड, त्याच थाळीफेकीत तिन्ही पदकं आपल्या बायांची. मिल्खासिंगच्या १९५८ च्या गोल्डनंतर राष्ट्रकुलमध्ये ॲथलेटिक्सचं गोल्ड थेट तेव्हा आलं. आणि आपली कविता राऊत! त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची पोरगी, १०,००० मीटरला ब्राँझ, राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी पहिली भारतीय बाई. भाची आठवी-नववीत असताना मी तिला तो व्हिडिओ किती वेळा दाखवलाय. ती दिल्लीला गेली तेव्हा तिच्या डोक्यात उषा नव्हती, कविताताई होती. चपला काढल्या त्या तिच्यासाठीच असतील असं मला आपलं वाटतं, मी कधी विचारलं नाही.

पण पदकाची रात्र एक आणि बाकीचं वर्ष? २०२४ च्या ऑक्टोबरात तिथं मोठा गाण्याचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी सरावाला आलेल्या पोरांना ट्रॅकवर बाटल्या, सडकं अन्न आणि मोडलेले हर्डल्स सापडले. एका खेळाडूनं व्हिडिओ टाकला म्हणून देशाला कळलं, नाहीतर कळलंही नसतं. मग २०२५ ला जागतिक पॅरा ॲथलेटिक्स आली, शंभरच्या वर देश, पुन्हा पाहुणे, म्हणून नवा मोंडो कंपनीचा सिंथेटिक ट्रॅक टाकला. आपल्या पॅरा खेळाडूंनी २२ पदकं घेतली, त्यातली ६ गोल्ड, छाती भरून आली. त्याच स्पर्धेत विदेशी कोचना भटकी कुत्री चावली तेही तिथंच. आणि महिना-सव्वा महिन्यात घोषणा काय? स्टेडियम पाडणार. अहो, तो नवा ट्रॅक अजून पुरता मळला पण नाही.

आता लगेच काही जण म्हणतील, चाळीस वर्षं जुनं बांधकाम आहे, एवढी मोक्याची जागा वर्षातले बरेच दिवस रिकामी राहती, नवीन सोयी, खेळाडूंना राहायला जागा होत असेल तर तुमच्या पोटात का दुखतं. बरोबर आहे, जागा नीट वापरली जात नाही हे मलाही दिसतं. करा ना स्पोर्ट्स सिटी. माझं म्हणणं एवढंच आहे की ते वापरलं का जात नाही याचं उत्तर सिमेंटमध्ये नाही. १९८२ ला पाहुण्यांसाठी बांधलं, २०१० ला पाहुण्यांसाठी सजवलं, आता २०३० ची राष्ट्रकुल अहमदाबादला मिळाली आहे, ऑलिम्पिक मागायचं चाललंय, म्हणजे परत कुणासाठी? रोज पहाटे तिथं पळणाऱ्यांना, पाडकाम सुरू झाल्यावर तुम्ही कुठं जाणार, हे कुणी विचारलंय का? अमुक तारखेला पाडणार, तोवर पोरं तमुक ठिकाणी पळतील, नवा ट्रॅक अमुक महिन्यात खुला होईल, असं एका कागदावर लिहून द्या ना. नवा ट्रॅक आधी, जेसीबी नंतर. यात अवघड काय आहे?

अविनाश साबळे आपल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जाणारं पोरगं. बारावीनंतर आर्मीत गेला, महार रेजिमेंट, सियाचीन केलं आणि तिथून पुढं त्याचं पळणं जगानं बघितलं. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, ८ मिनिटं ९.९१ सेकंद, हांगझोच्या एशियाडला गोल्ड, पॅरिस ऑलिम्पिकची फायनल. २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन पळला ती याच नेहरू स्टेडियमपासून, तासाच्या वर फक्त ३० सेकंद, नॅशनल रेकॉर्ड. त्याचे बॅनर लावायला आमच्याकडं सगळ्यांच्या अंगात येतं. ज्यांनी आज मैदानाला कुलूप लावलं त्यांनीही तेव्हा बॅनर लावला होता, फोटो आहे माझ्याकडं. मी म्हणतो बॅनरचा खर्च राहू द्या, त्या पैशात मुरूम आणून रोलर फिरवा. आर्मीत जायच्या आधी जे पोरगं गायरानात पळतंय त्याला सिंथेटिक नको, पण खड्डे नसलेली चारशे मीटर जमीन तरी द्याल का नाही? इथल्या पोरींच्या अंगात दम नाही असं कुणी म्हणून दाखवावं माझ्यासमोर.

भाचीला दुपारी मी स्टेडियमची बातमी दाखवली. मला वाटलं वाईट वाटेल तिला. ती म्हणली, "पाडू द्या मामा, पण त्या रबराचं काय करणार? आपल्याला देतील का वळणापुरतं?" ती खरंच विचारत होती. नडगीला बर्फ लावून बसलेली आणि डोक्यात हिशोब चाललेला की वळणाला किती मीटर लागंल. मला पुढं काही बोलता आलं नाही, उठून बाहेर गेलो.

आता राग जरा खाली आलाय, कामाचं लिहितो. सोमवारी अकरा वाजता आम्ही तहसीलला निवेदन द्यायला जाणार आहोत. मागण्या साध्या आहेत. कार्यक्रम झाला की खड्डे मुरमानं भरून त्यावर पाणी मारून रोलर फिरवायचा, नुसती माती लोटायची नाही, कारण तशात पहिल्याच दिवशी कुणाचा तरी पाय मुरगाळतो. पहाटे पाच ते आठ मैदान पळणाऱ्यांचं, मग कार्यक्रम कुणाचाही असो. मंडपाचे खांब मधल्या मोकळ्या जागेत, पळायच्या पट्ट्यात नाही. आणि बाहेरच्या हायमास्टचे दोन दिवे कित्येक महिने बंद आहेत, ते चालू करा, पोरी अंधारात येतात.

दिल्लीचं आपल्या हातात नाही, तरी खेळ मंत्रालयाला मेल मी टाकतोय, मजकूर पहिल्या कमेंटमध्ये टाकतो, कॉपी करून तुम्ही पण पाठवा. सोमवारी जे येणार आहेत त्यांनी खाली नाव लिहा म्हणजे अंदाज येईल. पोरी येणारच आहेत, त्यांच्या मागं चार मोठी माणसं उभी दिसली पाहिजेत. आणि ज्यांच्याकडं रोलर आहे, कॉन्ट्रॅक्टर मित्रांपैकी कुणीही, त्यांनी इनबॉक्सला या, डिझेलचे पैसे मी देतो.