मुठेच्या पात्रातील कॅसिनोसाठी पूर्वतयारी

सुज्ञ पुणेकरहो, आपल्या शहरात कॅसिनो व्हावा असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर आजवरच्या इतिहासाने खचून जाऊ नका. 1976 मध्ये आपल्या विधिमंडळाने कॅसिनोला परवाना देणारा आणि त्यावर कर बसवणारा कायदा केला, तो एक दिवसही अमलात आला नाही आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्दच करण्याचे ठरवले, हे खरे आहे. तब्बल 47 वर्षे इतक्या पक्षांची सरकारे आली आणि गेली, तरी एकालाही ती फाईल हलवावीशी वाटली नाही, यामागे काही शहाणपण असेल अशी शंकासुद्धा मनात येऊ देऊ नका. ती नेहमीची सरकारी दिरंगाई होती, असेच चारचौघांत सांगावे.

मागणी करताना ‘जुगार’ हा शब्द कटाक्षाने टाळावा. जुगार पत्र्याच्या शेडमध्ये चालतो, तिथे धाड पडते आणि 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्यांच्या बातम्या दुसऱ्या दिवशी छापून येतात. तेच काम वातानुकूलित दालनात, टाय लावलेल्या माणसाच्या देखरेखीखाली झाले की त्याला पर्यटनविकास म्हणतात. जुगार हा मुळात व्यापारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये म्हटले होते, याची आठवण करून देणारा एखादा निवृत्त वकील आपल्याला कट्ट्यावर भेटेलच. त्याला चहा पाजून विषय पार्किंगकडे न्यावा; पुण्यात तो तसाही तिकडेच जातो.

‘लोक चोरून खेळतातच, मग कायदेशीर करायला काय हरकत आहे?’ हा मुद्दा मात्र जरूर मांडा. सिंहगड रस्त्यावर गाड्या उलट्या दिशेने येतातच, तेव्हा माफक शुल्क आकारून उलटी दिशाच अधिकृत करावी, हे पुढचे पाऊल कुणी सुचवले तर त्याला अनुमोदन द्यावे.

गोव्याचा दाखला द्यायलाच हवा, पण अर्धाच. तिथला जुगारविषयक कायदाही योगायोगाने 1976 चाच आहे. 1992 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली, पुढे कॅसिनोच्या नौकांना मुभा मिळाली आणि आज पणजीत मांडवीच्या पात्रात त्यांचे दिवे रात्रभर झगमगत असतात, इथपर्यंत सांगून थांबावे. फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांनाच त्या कॅसिनोंत खेळण्यास मनाई आहे, हा उत्तरार्ध सांगितल्यास श्रोते उगाच विचारात पडतात. जो हलवाई आपल्या मुलांना दुकानातल्या पेढ्याला हात लावू देत नाही, त्याच्या पेढ्यांबद्दल गिऱ्हाइकाने काय समजावे? उद्या पुण्यातही पुणेकरांना मज्जाव झाला, तर साताऱ्याच्या, नगरच्या, सोलापूरच्या माणसांना बोलवावे लागेल. त्यांचीही घरे असतात, पण ती आपल्याला खिडकीतून दिसत नाहीत, एवढी सोय पुरेशी आहे.

जागेची अडचण नाही. आपणही मुठेत नौका सोडू. खडकवासल्यातून विसर्ग वाढून भिडे पूल पाण्याखाली गेला की ती चार दिवस तरंगेल, आणि उरलेले वर्षभर जलपर्णीला टेकून उभी राहील.

पुणेकराला हिशेब पटल्याशिवाय काही पटत नाही, म्हणून हिशेबाची तयारी ठेवा. रुलेट म्हणजे चाक फिरवून गोळी कोणत्या आकड्यावर थांबते त्यावर पैसे लावण्याचा खेळ; त्याच्या साध्या चाकावर 0 ते 36 असे 37 आकडे असतात. प्रत्येक आकड्यावर 100 रुपये लावा, म्हणजे नशिबाचा प्रश्नच उरणार नाही. आपले 3700 रुपये गेले. जो आकडा लागेल त्याचे 35 पट, म्हणजे 3500, आणि त्यावर लावलेले 100 असे 3600 परत आले. एका फिरकीत 100 रुपये मालकाचे झाले, आणि यात कुणीही लबाडी केलेली नाही. मुदतठेवीवर पाव टक्का जास्त मिळावा म्हणून भर उन्हात चार बँकांचे उंबरठे झिजवणाऱ्या गृहस्थाला दर फिरकीस 2.7 टक्के देण्याची ही संधी आहे. शिवाय सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवर 40 टक्के जीएसटी आहे, तो वेगळाच.

महसुलाचा मुद्दा सर्वांत भारदस्त, म्हणून तो शेवटी काढावा. हा महसूल जिंकणाऱ्यांकडून येत नाही, ही बारीकशी बाब अर्थसंकल्पात नमूद करण्याची आवश्यकता नाही. पण यंदा किती माणसे किती हरतील, याचा अंदाज मात्र शासनाला बांधावाच लागेल, आणि मार्च जवळ आला तरी उद्दिष्ट गाठले गेले नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांना पुरेसे नागरिक बुडत नसल्याबद्दल खुलासा द्यावा लागेल. एक जबाबदार करदाता म्हणून आपण तेवढा हातभार लावालच.

कुणी धर्मराजाचे नाव काढले तर बिचकू नये. राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी, इतके सगळे पणाला लागले ते काही चोरट्या अड्ड्यावर नव्हे, तर राजाच्या अनुमतीने, वडीलधाऱ्यांच्या साक्षीने भरलेल्या सभेत. अधिकृत परवाना म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आता राहिला घरचा प्रश्न. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा हिंजवडीला नोकरी करणाऱ्या चिरंजीवांना ‘बरे झाले, सुटलास’ असे आपण बोलून गेला असाल, तर ते वाक्य आता आठवू नये. गृहिणीने दर गुरुपुष्याला एकेक करून घेतलेली वेढणी लक्ष्मी रस्त्यावर मोडीत घालायची वेळ आली, तर आपल्या नेहमीच्या पेढीवर जाऊ नका, तिथे ओळख निघते. सणाला तिने वेढण्यांची आठवण काढलीच, तर ती लॉकरमध्ये असल्याचे सांगावे, आणि लॉकरची किल्ली तेवढी आपल्याच खिशात ठेवावी.