मागच्या रांगेतला मालकम

परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "एसी/डीसीनं पन्नास वर्षं एकच गाणं वाजवलं." एसी/डीसी म्हणजे ऑस्ट्रेलियातला रॉक बँड. वाचून राग आला. दोन ओळींत उत्तर मावत नव्हतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते पत्र्याच्या पट्टीवर. परभणीला आमच्या मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. दहावीच्या सुट्टीत मी तिथं जळालेल्या मोटारींची तार काढत बसायचो. त्यात कधी शिलाई मशीनची मुठीएवढी मोटार यायची, कार्बन झिजून संपलेले, आणि अंगावरच्या पट्टीवर व्होल्ट, अँपिअर आणि शेवटी एसी/डीसी. मामा म्हणाले, "करंट कुठला का असंना, ही दोन्हीवर पळती."

पुढं औरंगाबादला शिकायला गेलो, तर होस्टेलवर एका कॅसेटच्या कव्हरवर तीच अक्षरं, मधे वीज. बँडचं नावसुद्धा शिलाई मशीनवरूनच आलं, हे बऱ्याच वर्षांनी कळलं. बँड काढणारे मालकम आणि अँगस यंग हे सख्खे भाऊ, दोघंही गिटारवाले. त्यांची थोरली बहीण मार्गारेट, तिनं ते वाचून सुचवलं. अँगसला शाळेच्या गणवेशात स्टेजवर उभं करायची कल्पनाही तिचीच. आणि मालकम? तो बँडच्या आधी कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. हे कळलं तेव्हापासून हा माणूस मला घरचाच वाटतो.

मूळचे हे ग्लासगोचे. १९६३ साली सगळं घर ऑस्ट्रेलियाला गेलं. १९७३ मध्ये सिडनीत मालकम आणि अँगसनं बँड काढला, ३१ डिसेंबरला पहिला कार्यक्रम झाला. मालकम वीस वर्षांचा, अँगस अठराचा. पुढच्या वर्षी बॉन स्कॉट गायला आला, आणि १९७९ च्या 'हायवे टू हेल' या अल्बमनं अमेरिकेचं दार उघडलं. १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये बॉन गेला, अवघ्या तेहतीसाव्या वर्षी.

दुसरा कुठलाही बँड तिथं मोडला असता. यांनी न्यूकॅसलचा ब्रायन जॉन्सन आणला, बहामात जाऊन रेकॉर्डिंग केलं आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला. कव्हर काळं, बॉनच्या सुतकाचं. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला घंटेचे संथ टोल. आजवर जगभरात सुमारे पाच कोटी प्रती खपल्याचं सांगतात.

आता 'एकच गाणं'वाल्या मुद्द्याकडे येतो. त्याच अल्बमचं शीर्षकगीत मी एकदा दुकानात मोबाइलवर लावलं होतं. मामा गावच्या सप्ताहात टाळ घेऊन मागं उभे राहणारे, झील धरणारे. इंग्रजीचा गंध नाही. वार्निश लावता लावता थांबले आणि म्हणाले, "हा मागं वाजवणारा कोण हाय रे?"

मी म्हटलं, "मामा, पुढचा वाजवतोय तो अँगस, त्याचं ऐका."

"त्याचं ऐकू येतंयच की. मी मागच्याचं इचारतोय. तो मधी थांबतो बघ. त्याच्या थांबण्यावर समदं उभं हाय."

कित्येक वर्षं ऐकून माझ्या जे ध्यानात आलं नव्हतं, ते मामांनी एका बैठकीत पकडलं. तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले सुरांचे तीन जुडगे, आणि त्यांच्या मधली शांतता. हातानं तार दाबून आवाज जागीच मारायचा आणि पुढचा ठोका बरोब्बर वेळेवर सोडायचा. मालकमनं आपल्या ग्रेच गिटारचे दोन पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे भाग, काढून टाकले होते, एकच ठेवला. तारा जाड. सोलो, म्हणजे एकट्यानं पुढं येऊन वाजवायचा तुकडा, भावाला देऊन टाकलेला. अँगस स्टेजभर पळायचा, आणि मालकम मागं ड्रमशेजारी उभा राहून आख्खा कार्यक्रम ओढायचा. आमच्याकडं सप्ताहात एकच चाल अर्धा-अर्धा तास चालते, लोक डुलत असतात. तिथं कुणी म्हणतं का की तेच ते म्हणताय? मग यांनाच का? एकाच ठेक्यावर पन्नास वर्षं न ढळता उभं राहणं हे काम माझ्या मते वर्षाला चाल बदलण्यापेक्षा फार अवघड आहे.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९९० चा 'द रेझर्स एज' अल्बम, १९९१ ला मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावरच्या कार्यक्रमाचा तो अफाट जनसागर, २००८ चा 'ब्लॅक आइस' अल्बम. त्या 'ब्लॅक आइस'च्या दौऱ्यातच मालकमची स्मृती जायला लागली होती. स्वतः रचलेल्या चाली तो परत बसून शिकायचा आणि रात्री हजारो लोकांपुढं वाजवायचा. हे वाचलं त्या दिवशी दुकानात माझा हात चालेना.

२०१४ ला तो थांबला. त्याची जागा पुतण्या स्टीव्हीनं घेतली. १९८८ मध्ये मालकम दारू सोडायला दौऱ्यातून बाजूला झाला होता, तेव्हाही हाच आला होता. २०१६ ला कानांच्या त्रासामुळं ब्रायनलाही थांबावं लागलं, उरलेला दौरा 'गन्स अँड रोझेस' बँडच्या ॲक्सल रोझनं गायला. त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. आवाज होता, पण घर वेगळं वाटलं. २०१७ च्या ऑक्टोबरात थोरला भाऊ जॉर्ज गेला, ज्यानं यांचे सुरुवातीचे अल्बम घडवले. चार आठवड्यांत, १८ नोव्हेंबरला मालकम गेला. वय चौसष्ट.

२०२० ला 'पॉवर अप' आला, ब्रायन परतला. अँगसनं मालकमसोबत जमवून ठेवलेल्या चालींवर तो अल्बम उभा केला आणि भावाला अर्पण केला. २०२४ ला युरोपचा दौरा निघाला, तेव्हा मालकमच्या जागेवर पुन्हा स्टीव्हीच उभा होता.

ज्यांना अजून सगळी गाणी सारखीच वाटतात, त्यांनी आज एवढंच करा. चांगले हेडफोन लावा आणि 'बॅक इन ब्लॅक' सुरू करा. बऱ्याच गाण्यांत एका कानात एक भाऊ आहे, दुसऱ्या कानात दुसरा. आधी एक कान काढून ऐका, मग दुसरा. जो कमी वाजवतो, तो मालकम.