डोपामिनच्या चित्रातला बाण उलटा आहे

‘उंदराच्या मेंदूत स्ट्रायटम मध्यमेंदूला डोपामिन पुरवतो’ असं सांगणारं एक चित्र सध्या फिरतंय. (स्ट्रायटम हा मेंदूच्या आतला, हालचालींशी जोडलेला भाग; डोपामिन हे मेंदूतल्या पेशींचं निरोप पोहोचवणारं रसायन.) त्यातला बाणच उलटा काढलाय. डोपामिन तयार होतं मध्यमेंदूत, म्हणजे सबस्टान्शिया नायग्रा आणि त्याच्या शेजारच्या भागातल्या पेशींत, आणि तिथून ते वर स्ट्रायटमकडे जातं.

स्ट्रायटमकडून खाली येणारे तंतूही आहेतच, पण ते गाबा नावाचं रसायन सोडतात, म्हणजे समोरच्या पेशीला गप्प करतात. खरी गंमत इथेच आहे. नायग्राच्या रेटिक्युलाटा भागातल्या पेशी एरवी अखंड चालू असतात आणि थॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराकडे संदेश पाठवणाऱ्या भागाला, दाबून धरतात. स्ट्रायटमने त्यांना गप्प केलं की थॅलॅमस मोकळा होतो आणि हालचालीला वाट मिळते. ब्रेकलाच ब्रेक म्हणा ना!

स्ट्रायटमच्या सगळ्याच पेशी थेट मध्यमेंदूत जातात असंही नाही. डी-१ ग्राहक (पेशीवरचा, डोपामिनचा निरोप टिपणारा रेणू) असलेल्या जातात; डी-२ या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकवाल्यांची मजल मुख्यतः स्ट्रायटमशेजारच्या ग्लोबस पॅलिडस या भागापर्यंतच.

चित्रात स्ट्रायटम आणि मध्यमेंदू यांच्यातलं जे बंद वर्तुळ दाखवलंय, तेही अपुरं आहे. मेंदूच्या रचनेचे अभ्यासक नाउटा आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये उंदरांत दाखवलं, की स्ट्रायटमच्या खालच्या भागातले, म्हणजे अ‍ॅक्युम्बन्समधले, तंतू नायग्रात पोहोचतात आणि तिथल्या पेशींमार्फत स्ट्रायटमच्या वरच्या भागावरही प्रभाव टाकू शकतात.